शाळेतल्या मोफत जेवणाच्या यादीवरून मुलांची गरिबी मोजता येते का?

खाडीकाठ (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया):

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा येथील सार्वजनिक शाळेत सहावीत शिकतो आणि या वर्षी शाळेच्या सल्लागार मंडळावर पालकांच्या वतीने माझी निवड झाली आहे. पहिल्याच बैठकीत आमच्यापुढे जो तक्ता ठेवण्यात आला, त्यात ‘सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थी’ असा एक रकाना होता आणि गेल्या काही वर्षांत त्यातला आकडा बराच वर चढलेला दिसत होता. शेजारी बसलेल्या एका पालकांनी लगेच निष्कर्ष काढला की आपल्या वस्तीत गरिबी वाढली आहे. हा आकडा मुख्यत्वे मोफत आणि सवलतीच्या दरातील जेवणाच्या पात्रतेवरून निघतो, एवढेच मुख्याध्यापिकांनी सांगितले आणि पुढचा विषय सुरू झाला.

माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सार्वजनिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण मोफत मिळते. त्यासाठी कोणी कोणाला उत्पन्न विचारत नाही. मग पात्र मुले मोजली कशी जातात? शिवाय घरी कुटुंबाच्या उत्पन्नाचा एक अर्ज आला आहे. जेवण सर्वांनाच मोफत असताना, आणि आम्ही उत्पन्नाच्या मर्यादेच्या वर असताना, तो आम्ही भरायचा का? आणि मुख्य प्रश्न असा, की या आकड्याच्या आधारावर मी बैठकीत ‘गरिबी वाढली’ किंवा ‘कमी झाली’ असे म्हणू शकते का?

थोडे स्वतःविषयी सांगते, कारण प्रश्न माझ्या मनात का रुतून बसला ते त्यावरून कळेल. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. १९९५ साली केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली तेव्हा आमच्याकडे शिजवलेले अन्न मिळत नसे. ज्याची हजेरी ८० टक्के भरली त्याला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत. आम्ही सगळी मुले घरून शिवलेली कापडी पिशवी घेऊन रांगेत उभी राहत असू. त्या रांगेत सावकाराचा मुलगाही असे आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलगीही असे, अर्थात तिची हजेरी भरली असेल तर. त्या तांदळावरून आमच्या शाळेत गरीब किती, हे कोणीच सांगू शकले नसते. इथे मात्र जेवणावरूनच ते ठरते, याचे मला फार आश्चर्य वाटले.

आकडेमोड:

आपण विचारलेला प्रश्न अमेरिकेतले शिक्षणाचे अभ्यासकही अनेक वर्षे विचारत आले आहेत. मी शिक्षणविषयक सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

ही मोजणी मुळात मोजणीसाठी जन्माला आलेली नाही. राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ४ जून १९४६ रोजी सही केली, तेव्हा त्यात दोन हेतू लिहिलेले होते: मुलांचे आरोग्य, ज्याला कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेचा विषय मानले, आणि देशातल्या शेतमालाला गिऱ्हाईक मिळवून देणे. मोफत जेवणाला कोण पात्र, याचे देशभर एकसारखे निकष १९७० च्या सुमारास आले आणि आजच्या मर्यादा १९८१ पासून आहेत. संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, आणि १३० ते १८५ टक्क्यांच्या मध्ये असेल तर सवलतीच्या दरात, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट. २०२५ सालच्या दारिद्र्यरेषेनुसार चार माणसांच्या कुटुंबासाठी या मर्यादा अनुक्रमे सुमारे ४१,८०० आणि ५९,५०० डॉलर येतात.

अर्ज भरून घेणे शाळांना भागच होते, त्यामुळे प्रत्येक शाळेकडे प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक खूण आयतीच तयार झाली. दुसरी अशी माहिती कोणाकडेच नव्हती. २००२ साली ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा लागू झाला आणि आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे चाचणीचे निकाल वेगळे दाखवणे राज्यांना बंधनकारक झाले; तेव्हा राज्यांनी हाताशी असलेली हीच खूण उचलली. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकार देते तो ‘टायटल वन’चा निधी स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या मंडळाला, जनगणना विभागाच्या अंदाजांवरून मिळतो, पण डिस्ट्रिक्टच्या आत तो कोणत्या शाळेला किती द्यायचा हे ठरवताना बहुतेक ठिकाणी जेवणाचीच यादी वापरली गेली. स्वयंपाकघराची नोंदवही अशी शिक्षणखात्याची जनगणना होऊन बसली.

आता तिच्यातले दोष पाहू.

पहिला दोष नावाचाच आहे. १८५ टक्के म्हणजे दारिद्र्यरेषेच्या जवळजवळ दुप्पट. २०१३ सालच्या आकडेवारीवरून अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांतली ५१ टक्के मुले ‘लो इन्कम’ आहेत, असे सदर्न एज्युकेशन फाउंडेशनने २०१५ च्या सुरुवातीला जाहीर केले आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थी गरीब झाल्याच्या ठळक बातम्या छापून आल्या. त्याच काळात अधिकृत दारिद्र्यरेषेखालच्या मुलांचे प्रमाण साधारण पाचात एक होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. बातमी देणाऱ्यांनी ‘कमी उत्पन्न’ आणि ‘दारिद्र्य’ हे दोन शब्द एकच मानले.

दुसरा दोष असा, की ही रेषा अलास्का आणि हवाई वगळता सर्व राज्यांना एकच आहे. मिसिसिपीच्या एखाद्या खेड्यात आणि तुमच्या फ्रीमाँटमध्ये घरभाड्याचे काय अंतर आहे, ते तुम्हाला सांगायला नको. ही रेषा १९६३-६४ मध्ये सरकारी सेवेतल्या अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शान्स्की यांनी आखली, ती किमान आहाराच्या खर्चाला तिनाने गुणून, कारण तेव्हा कुटुंबाचा साधारण एक तृतीयांश खर्च अन्नावर होत असे. आज कुटुंबाचे कंबरडे घरभाड्याने मोडते. जेवणाच्या खर्चावरून आखलेली रेषा, तिच्यावरून ठरलेले जेवण आणि त्या जेवणावरून पुन्हा गरिबी, असा हा प्रवास आहे, हे मला नेहमी विद्यार्थ्यांना थांबून सांगावेसे वाटते.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तुमच्या तक्त्यातल्या चढाचे कारण बहुधा याच्याच आसपास सापडेल. २०१० च्या ‘हेल्दी, हंगर-फ्री किड्स’ कायद्याने ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी’ नावाची तरतूद आणली. ती २०११-१२ मध्ये इलिनॉय, केंटकी आणि मिशिगन येथे सुरू झाली आणि २०१४-१५ पासून देशभर खुली झाली. जिथे किमान ४० टक्के मुले फूड स्टॅम्पसारख्या (गरीब कुटुंबांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) दुसऱ्या योजनेच्या यादीवरून थेट पात्र ठरतात, त्या शाळेने कोणाकडूनही अर्ज न घेता सर्वांना मोफत जेवण द्यावे, अशी ही सोय आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात ही अट २५ टक्क्यांवर आणली गेली. सरकारकडून परतावा मिळवण्यासाठी थेट पात्र मुलांच्या टक्केवारीला १.६ ने गुणतात, कारण अशा दर दहा मुलांमागे आणखी साधारण सहा मुले अर्ज भरून पात्र ठरली असती, असा अंदाज आहे. समजा, ५०० मुलांच्या शाळेत २५० मुले थेट पात्र आहेत. तिचा परतावा ८० टक्के मुलांसाठी मोफत दराने येईल. जेवण मात्र १०० टक्के मुलांना मोफत आहे. आता या शाळेत ‘गरीब’ किती: ५०, ८० की १००? निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळी उत्तरे दिली आणि काहींनी सरळ १०० टक्के लिहिले. एका वर्षी शाळा या तरतुदीत शिरली की तक्त्यावर आकडा एकदम उसळतो, आणि वस्तीत एकाही घराची परिस्थिती बदललेली नसते.

त्यातच साथीच्या काळात, २०२० च्या मार्चपासून २०२२ च्या जूनपर्यंत, देशभर सर्वांना मोफत जेवण देण्याची मुभा होती. अर्ज भरण्याची सवय मोडली ती मोडलीच. त्यामुळे त्या वर्षांचे आकडे मागच्या-पुढच्या वर्षांशी जोडून आलेख काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तुमच्या अर्जाविषयी: तो जेवणासाठी नाही, निधीसाठी आहे. २०१३ पासून कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टला मिळणाऱ्या निधीचे सूत्र कमी उत्पन्नाची, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारच्या देखरेखीखाली आईवडिलांपासून दूर वाढणारी मुले मोजते. एक मूल दोन गटांत बसले तरी एकदाच मोजले जाते. अशा प्रत्येक मुलामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा मिळतात, आणि डिस्ट्रिक्टमध्ये त्यांचे प्रमाण ५५ टक्क्यांपलीकडे गेले तर त्यावरच्या मुलांसाठी आणखी. शिवाय तुमच्या तक्त्यातला ‘वंचित’ हा शब्द जेवणापुरता नाही: ज्याच्या पालकांपैकी कोणीही हायस्कूल पूर्ण केलेले नाही, असे मूलही कॅलिफोर्निया त्यात धरते.

ताटवाटी:

वरचे उत्तर अभ्यासपूर्ण आहे. मी फक्त खिडकीच्या आतल्या बाजूने काय दिसते ते लिहिते, कारण मिशिगनमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात मी बरीच वर्षे काम केले आहे.

मूल ट्रे घेऊन गल्ल्यापाशी येते आणि छोट्या कीपॅडवर आपला क्रमांक दाबते. ते मोफत जेवते, ४० सेंट देते की पूर्ण पैसे भरते, हे पडद्यावर फक्त आम्हाला कळावे अशी व्यवस्था असते. मुलांना उघडपणे वेगळे पाडण्यास कायद्याने बंदी आहे. पण मुलांना सगळे कळते. कोणाच्या खात्यात पैसे भरल्याची चिठ्ठी घरी जात नाही, कोण वरचा खाऊ कधीच विकत घेत नाही, हे त्यांना पाठ असते. म्हणून पाचवीपर्यंत हसत रांगेत येणारी मुले हायस्कूलमध्ये गेली की रांगेत दिसेनाशी होतात आणि घरी दिलेला अर्ज दप्तराच्या तळाशी चुरगळून पडतो. प्राथमिक शाळेत गरिबी जास्त आणि हायस्कूलमध्ये कमी, असे तक्त्यावर दिसते ते पुष्कळदा यामुळे.

एक मुलगा माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. मागच्या वर्षीची पात्रता नव्या वर्षी शाळेचे पहिले ३० दिवस चालते, आणि त्यानंतर नवा अर्ज आलेला नसेल तर नाव यादीतून गळते. ऑक्टोबरच्या मध्यावर त्या नववीतल्या मुलाने क्रमांक दाबला आणि पडद्यावर पूर्ण किंमत आली. त्याने माझ्याकडे पाहिले, मागे उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिले आणि ट्रे अलगद परत सरकवला. जाताना त्याने मुलांनी न खाल्लेली फळे ठेवण्याच्या टेबलावरून एक सफरचंद उचलले. त्याची आई रात्रपाळीला जात असे आणि घरी आलेला अर्ज तिला येत असलेल्या भाषेत नव्हता. पुढे आमच्या समुपदेशिकेने तिच्यासोबत बसून अर्ज भरला आणि काही आठवड्यांनी नाव परत यादीत आले. त्या काही आठवड्यांत तो मुलगा सरकारदरबारी गरीब नव्हता. त्याच आठवड्यांत आईचे कामाचे तास कमी झाले होते, हे मला नंतर समजले.

म्हणून अर्ज नाहीसा झाला याचे मला दुःख नाही. मिशिगनने २०२३-२४ पासून सर्वांना मोफत जेवण सुरू केले तेव्हा मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला होता. मोजणी बिघडली असेल, तर ती दुसऱ्या रीतीने करावी. मुलाच्या ट्रेवर तिचा भार कशासाठी?

गुरुजी (नाशिक):

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आपल्याकडे शिजवलेले मध्यान्ह भोजन सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर देशभर रुजले आणि ते सरकारी व अनुदानित शाळेतल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आहे. खाडीकाठ म्हणतात ते खरेच आहे, खिचडीच्या पंगतीवरून आपल्याकडे गरिबी मोजता येत नाही, आणि मला यात पंगतीचा मोठेपणा वाटतो.

मात्र जिथे मोजावी लागते तिथे आपलेही तेच होते. शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकातल्या पालकांना एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणावा लागतो. माझ्या अनुभवात दाखला ज्याला मिळाला तो, आणि दाखल्याची ज्याला खरी गरज होती तो, हे दोघे नेहमी एकच नसत. मजुरी बुडवून तीन खेपा घालणे ज्याला परवडत नाही, त्याचे मूल कागदावर गरीब ठरतच नाही.

एक शंका विचारतो. अमेरिकेत बहुतेक लोक प्राप्तिकराचे विवरण भरतात. मग शाळेच्या अर्जापेक्षा त्या खात्याकडची माहिती जोडली तर मोजमाप अचूक होणार नाही का?

आकडेमोड:

गुरुजी, आपली शंका अगदी नेमकी आहे आणि हा प्रयोग झालेला आहे. थर्स्टन डोमिना आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेच्या नोंदी कर खात्याच्या उत्पन्नाच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. जेवणाच्या खुणेवरून घरच्या उत्पन्नातले चढउतार फारसे कळत नाहीत, हे त्यात दिसून आले, आणि ते अपेक्षितच होते. अनपेक्षित हे, की मूल शाळेत मागे पडते आहे का, याचा अंदाज कर खात्याच्या उत्पन्नापेक्षा याच ओबडधोबड खुणेवरून अधिक चांगला येत होता. कारण उघड असावे: ज्या घराला फूड स्टॅम्प मिळतात किंवा ज्या घरातून कोणीतरी अर्ज भरून पाठवते, त्या घराच्या अडचणीविषयी ही खूण असे काही सांगते जे वर्षाच्या एका उत्पन्नाच्या आकड्यात मावत नाही.

म्हणून ही खूण फेकून द्यावी असे मी म्हणत नाही. ती नीट वाचावी असे म्हणतो. मिशिगनच्याच नोंदींवर कॅथरीन मिशेलमोर आणि सुसान डायनार्स्की यांनी फार सुंदर काम केले आहे. आठवीतली जवळजवळ निम्मी मुले त्या वर्षी पात्र होती, पण बालवर्गापासून दर वर्षी पात्र राहिलेली मुले फक्त १४ टक्के होती. दर वर्षी पात्र राहिलेल्या आणि कधीच पात्र नसलेल्या मुलांच्या गुणांतले अंतर नेहमीच्या ‘पात्र-अपात्र’ अंतरापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाले. नवा अर्ज नाही, नवी चौकशी नाही. फक्त जुन्या नोंदी ओळीने लावून वर्षे मोजली. ताटवाटींच्या त्या मुलाचे काही आठवडे गळले, तरी आठ-नऊ वर्षांच्या ओळीत तो बहुतेक दिसला असता.

फक्त थेट पात्र मुलेच मोजावीत, हा पर्याय आता अनेक राज्ये घेत आहेत, आणि तिथे एक सावधगिरी हवी. मॅसॅच्युसेट्सने २०१४-१५ पासून हेच केले आणि त्यांचा आकडा एकदम खाली आला, कारण स्थलांतरित कुटुंबे गरीब असूनही फूड स्टॅम्पच्या यादीत नसतात; काहींना कायद्याने ते मिळत नाहीत आणि काही भीतीपोटी मागत नाहीत. शाळेचा जेवणाचा अर्ज मात्र कोणाची नागरिकत्वाची स्थिती विचारत नाही. पुढे त्या राज्याने व्याख्या पुन्हा १८५ टक्क्यांपर्यंत रुंद केली.

खाडीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. ताटवाटी, तुमचा परिच्छेद मी मुलाला मराठीतून वाचून दाखवला आणि त्याने त्याच्या शाळेतल्या फळांच्या टेबलाविषयी बरेच काही सांगितले, जे त्याने आजवर कधी सांगितले नव्हते.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागणार आहे. एक म्हणजे, थेट पात्र मुलांचा आकडा वेगळ्या रकान्यात मिळावा. दुसरी, आमची शाळा सर्वांना मोफत जेवणाच्या कोणत्या तरतुदीत आणि कोणत्या वर्षी गेली, ते वर्ष तक्त्यावर खूण करून दाखवावे. ‘गरिबी वाढली’ हे वाक्य इतिवृत्तात नोंदवले गेले आहे; ते दुरुस्त करण्याची विनंतीही करेन.

अर्ज आज रात्री भरते आहे. त्यात उत्पन्न हातात येणारे लिहायचे की पगारपत्रकावरचे? आमच्या शेजारी दोन कुटुंबे एकाच घरात राहतात. त्यांनाही अर्ज भरायला मदत करायची आहे, तर त्यांनी एक अर्ज भरायचा की दोन?

ताटवाटी:

उत्पन्न कर कापण्याच्या आधीचे, म्हणजे पगारपत्रकावरचे लिहायचे. इथे लोक हमखास चुकतात. कुटुंब म्हणजे उत्पन्न आणि खर्च एकत्र असलेली, एका छपराखाली राहणारी सर्व माणसे, मग ती नात्याची असोत वा नसोत. शेजारच्या दोन्ही कुटुंबांची चूल आणि पैसा वेगळा असेल तर दोन अर्ज, एकत्र असेल तर एक. सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चार अंक मागितलेले असतील आणि तो क्रमांक नसेल, तर ‘नाही’ या चौकटीत खूण करायची. त्यामुळे अर्ज अडत नाही, हे त्यांना आधी सांगा, म्हणजे ते पेन हातात घेतील.